सुट्टीचं सुधारित वेळापत्रक

१ मे, गुरुवार. सकाळी ६.१०

सुट्टीचा पहिला दिवस. मुलं झोपलेली. तक्ता फ्रिजवर लावून झाला. सहा सहली, पाच मैलाचे दगड. सहली हिरव्या पेनानं, मैलाचे दगड निळ्या, राखीव वेळ लाल. तक्त्यावर लाल कुठेही नाही. राखीव वेळ लागतो तो ज्यांचं नियोजन कच्चं असतं त्यांना.

बस डेपोच्या वेळापत्रक विभागात मला चौदा वर्षं झाली. माझ्या वेळापत्रकात आजवर एकही चूक निघालेली नाही. बसगाड्या उशिरा येतात हे खरं आहे, पण तो बसगाड्यांचा प्रश्न आहे.

सगळा खटाटोप कशासाठी, ते एकदा लिहून ठेवते. थोरली तेरा वर्षांची आहे. आठवीपासून इथेच माझ्याजवळ राहायचं की तिच्या बाबांकडे जायचं, हे तिनं १० जूनपर्यंत ठरवायचं आहे. तिचे बाबा तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात राहायला गेले. भांडणतंटा काही नाही. त्यांना माझं नियोजन सोसवेना आणि मला त्यांचं काहीच नसणं. धाकटा सात वर्षांचा, तो माझ्याजवळच राहणार. दरवर्षी डिसेंबरात दोन आठवडे मुलं तिकडे जातात, तेवढं पुरेसं आहे.

परवा फोनवर ठरलं की पोरीवर दबाव आणायचा नाही. मी म्हटलं, मी तिला त्याबद्दल एका शब्दानंही विचारणार नाही. ते म्हणाले, तुला ते जमायचं नाही. घोडामैदान जवळच आहे.

निकाल तसा उघड आहे. सख्ख्या आईला सोडून कोण जातं? पण गाफील राहू नये म्हणून सहली. इतकी भरगच्च सुट्टी काढल्यावर पाय निघणारच नाही.

आज विचारलं नाही. दिवस १.

२ मे

संकल्प: आवाज चढवायचा नाही. घड्याळाकडे बघून उसासे टाकायचे नाहीत. मुलं बोलत असताना हातातलं काम बाजूला ठेवायचं.

रात्री ८: पहिला संकल्प सकाळी ८.२० पर्यंत टिकला. दुधाचा पेला सांडला नसता तर अजून टिकला असता. तिसऱ्याचा प्रसंगच आला नाही, कारण मुलं माझ्याशी फारशी बोललीच नाहीत.

विचारलं नाही. दिवस २.

३ मे, शनिवार. सहल क्र. १: वस्तुसंग्रहालय

८.३५ ला थांब्यावर हजर. हातात सँडविचचा डबा, पाण्याच्या तीन बाटल्या, छत्री, टोप्या. ८.४० ची बस आली नाही. नऊ वाजले तरी नाही. थोरली म्हणाली की खांबावरची पाटी एकदा वाच. वाचली. शनिवारची ८.४० ची फेरी गेल्या वर्षीपासून बंद आहे.

बंद मीच केली होती. निर्णय योग्य होता. दीड तासात त्या थांब्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू फिरकलं नाही.

वस्तुसंग्रहालयात पोचलो ११.०५ ला. शनिवारी तिकीटखिडकी अकराला बंद होते. रखवालदाराला मी समजावून सांगितलं की आम्ही १०.५५ ला आलेलो आहोत असं धरून चालावं. त्याला धरून चालता येईना. आवारात एक तोफ होती ती पाहिली. तोफेबद्दल मी मुलांना माहिती दिली. धाकट्यानं विचारलं, ही अजून उडते का. मी म्हटलं, नाही. त्याचा तोफेतला रस तिथेच संपला.

फोटो अकरा. थोरलीला विचारलं, सहल कशी झाली. ठीक होती, म्हणाली. तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी ठीक म्हणजे उत्तम.

विचारलं नाही. दिवस ३. संयम अंगवळणी पडतो आहे.

६ मे

धाकटा कालपासून तोंडावर हात ठेवून हसतो. कुणी शिकवलं नाही. घरातलं वातावरणच तसं असल्यावर शिष्टाचार आपोआप येतात.

त्याचा पुढचा दात हलतो आहे. मैलाचा दगड क्र. १. एप्रिलपासून रोज दात हलवून बघत होते, त्यावरून मी १४ मे ही तारीख काढली आहे. मूल सात वर्षांचं होताना पहिला पुढचा दात आईच्या डोळ्यांदेखत पडावा. थोरलीचा पडला तेव्हा मी मार्ग क्र. १२ च्या फेऱ्या आखत होते. ते शल्य आहे.

विचारलं नाही. दिवस ६.

७ मे

साहेबांकडे १४ तारखेची अर्धी रजा मागितली. कारण काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुलाचा दात पडायचा आहे. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. रजा मंजूर.

दिवस ७.

१० मे, शनिवार. सहल क्र. २: तलाव

या वेळी पाटी आधी वाचून ठेवली होती. तलावावर वेळेत पोचलो. नौकाविहार बंद. वल्ही रंगवायला काढली आहेत, असं नावाडी म्हणाला. मी म्हटलं, आम्ही बांधलेल्या नावेत बसतो. पाऊण तास बसलो. नाव खुंटाला बांधलेली, तरी धाकट्याला लागली आणि तो थोरलीच्या बुटांवर ओकला.

थोरलीनं बूट धुतले, पायरीवर वाळत ठेवले आणि अनवाणी बसून राहिली. मी तिला म्हटलं की हे सगळं पुढे आठवून तू हसशील. ती म्हणाली, हो. आवाजात तिच्या बाबांसारखी छटा होती. मी दुर्लक्ष केलं.

परतताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. अठ्ठावीस मिनिटं. मी खांदा हलवला नाही. हात बधिर झाला. हेच उत्तर आहे, आणखी काय विचारायचं असतं?

दिवस १०.

१४ मे, सकाळी ११.३५

पडला! ठीक ११.२० ला! धाकटा न्हाणीघरातून धावत आला आणि दात माझ्या तळहातावर ठेवला. थोरली मागे उभी होती, तिनंही टाळ्या वाजवल्या. रक्ताचा टिपूससुद्धा नाही. दात तर चांगला कोरडा ठणठणीत. रोज दूध पाजल्याचा परिणाम.

माझे डोळे भरून आले. निळ्या खान्यात बरोबरची खूण केली. डेपोत हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. सांगितलं. बसला नाही.

विचारलं नाही. दिवस १४.

१७ मे, शनिवार. सहल क्र. ३: वनस्पती उद्यान

पाहिलं. सगळ्या झाडांवर पाट्या होत्या. सगळ्या पाट्या वाचून झाल्या. मुलं वाचताना मागे पडली.

दिवस १७.

२० मे

तिच्या बाबांचा फोन. थोरलीशी चाळीस मिनिटं बोलले. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. दारापाशी घड्या जास्त चांगल्या होतात, उजेड असतो. थोरली दोनदा मोठ्यानं हसली आणि एकदा म्हणाली की नाही, आईनं काहीच विचारलं नाही. मग आवाज खाली गेला.

म्हणजे माझा संयम तिथवर पोचला. मौनं सर्वार्थसाधनम्. छाती फुगून आली.

धाकट्याला सहज विचारलं की बाबांकडे गेल्यावर तुम्ही दिवसभर काय करता. (थोरलीला विचारायचं नाही असं ठरलंय. धाकट्याबद्दल काही ठरलेलं नाही.) तो म्हणाला, काहीच नाही. उशिरा उठतो. गादीवरच खातो. एकदा अख्खी दुपार छताकडे बघत तिघं पडून होतो आणि बाबांनी छतावरच्या डागाला नाव ठेवलं. सांगताना डोळे लकाकत होते. बिचारी मुलं. त्यांना माहीतच नाही की आपली आबाळ होते आहे.

दिवस २०.

२२ मे, संध्याकाळी ६.१५. मैलाचा दगड क्र. २: सायकल

काय सांगू! मोकळ्या मैदानावर धाकट्याला सायकलवर बसवलं. मी मागून सीट धरून धावायचं, मग हळूच सोडायचं, असं ठरवलं होतं. सतरा पावलं धावले. अठराव्याला सोडलं. गेला की पठ्ठ्या! एकदाही पडला नाही. मध्येच मागे वळून मी बघते आहे ना, ते पाहिलं, आणि मग जरासा डुलला. मैदानाच्या टोकाला पोचल्यावर सराईतासारखा गर्रकन वळला. उपजत आहे. माझ्याकडून आलेलं. मला स्वतःला सायकल येत नाही, पण तोल माझा चांगला आहे.

थोरलीनं व्हिडिओ काढला. तिच्या बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर: अरे वा. एवढंच. जळतात.

दिवस २२.

२४ मे, शनिवार. सहल क्र. ४: टेकडीवरून सूर्योदय

पहाटे चारला उठवलं. धाकटा रडत, थोरली डोळे चोळत. सव्वापाचला टेकडीवरच्या बाकावर. समोर दरी, वारा, सगळं व्यवस्थित. सहा वाजले. सव्वासहा झाले. उजाडलं, पण सूर्य दिसेना. थोरली म्हणाली, आई, मागे बघ. मागे पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या मागून तो कधीच वर आलेला होता. बाकाच्या पाठीवर लिहिलेलं होतं की हे सूर्यास्ताचं ठिकाण आहे. पाठीवर कोण लिहितं?

दोघं हसायला लागली. पोट धरधरून. मला थांबवेना म्हणून मीही हसले. मग थोरली माझ्या दंडाला धरून बराच वेळ बसली. म्हणाली, आई, तुला काही बोलायचंय का. मी म्हटलं, छे. बोलणं अगदी ओठांवर आलं होतं, पण दिलेला शब्द म्हणजे शब्द. म्हटलं, सँडविच खा.

तिनं सँडविच खाल्लं. अर्धं.

दिवस २४. आजचा सगळ्यात अवघड होता. तरीही जमलं.

२७ मे

सायकलचं पंक्चर काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. सायकलवाला म्हणाला की तुमच्या पोराला जरा आवरा, हिवाळ्यापासून बघतोय, उतारावरून हात सोडून येतो, एक दिवस दात पाडून घेईल. मी म्हटलं, तुमची गल्लत होते आहे, तो गेल्या गुरुवारी शिकला. सायकलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि चाक फिरवलं. टायर तर पार गुळगुळीत झालेलं.

रात्री ८.३०: धाकट्याला समोर बसवलं. आधी रडला, मग सांगितलं. डिसेंबरात बाबांकडे शिकला. ताईनं सांगितलं होतं की आईला सगळं पहिल्यांदा बघायला आवडतं, तर तिच्यापुढे पहिल्यांदा कर. डुलायची प्रॅक्टिस जिन्याखाली केली. मी विचारलं, आणि दात? दात ५ तारखेला पडला, पाव खाताना. ताईनं काडेपेटीत ठेवून दिला होता.

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगणार?

नीट विचार केला. मुलांनी आईसाठी नऊ दिवस दात सांभाळून ठेवला, यावरून त्यांची ओढ दिसून येते. जी मुलगी एवढा विचार करते ती मला सोडून जाईल? शक्यच नाही. तक्त्यावरच्या खुणा तशाच ठेवल्या. अधिकृत तारखा १४ आणि २२ याच धराव्यात.

विचारलं नाही. दिवस २७.

२८ मे

झोप लागली नाही. दिवस २८.

३१ मे, शनिवार. सहल क्र. ५: तरणतलाव. सोबत मैलाचा दगड क्र. ३: थोरलीचं खोल पाण्यात उतरणं

हे नीट लिहायला हवं.

थोरली पाण्यात उतरेना. कपडेही बदलेना. काठावर पुस्तक घेऊन बसली. मी आधी प्रेमानं सांगितलं, मग घड्याळ दाखवलं, मग आवाज चढला. जीवरक्षक शिट्टी तोंडात धरून आमच्याकडे बघत होता. शेवटी थोरली उठली आणि माझ्या कानात सांगितलं की तिची पाळी आहे.

मला काय वाटलं ते खरं लिहिते. आनंद झाला. कारण हा मैलाचा दगड क्र. ५ होता. तारीख काढता येत नाही म्हणून तक्त्यावर नुसता निळा तारा काढून ठेवला होता. तिला त्या दिवशी काय सांगायचं, त्याची चार पानं दोन वर्षांपूर्वीच लिहून तयार आहेत. पर्समध्येच असतात. मी तिथेच काठावर पर्स उघडली.

थोरली म्हणाली, आई, पानं आत ठेव. ही पहिली वेळ नाही.

पहिली डिसेंबरात झाली. तिकडे. बाबा दुकानात गेले, दुकानातल्या बाईंना सगळं विचारलं आणि कुठलं लागेल ते न कळल्यामुळे मिळतील तेवढ्या प्रकारची पाकिटं घेऊन आले. मग दाराबाहेर बसून त्यांनी पाकिटावरच्या सूचना मोठ्यानं वाचून दाखवल्या. मधल्या एका शब्दाचा उच्चार त्यांना जमेना म्हणून ती आत पोट दुखत असतानाही हसली.

मी विचारलं की सहा महिने मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तू ते फ्रिजवर लावलं असतंस. मी म्हटलं, असलं कुणी फ्रिजवर लावतं का. तिनं पुस्तक उघडलं. तारा फ्रिजवरच होता.

सहा महिने पोरगी माझ्याच घरात, एका भिंतीपलीकडे. मी दर महिन्याला डेपोच्या बावन्न गाड्यांच्या देखभालीच्या तारखा तोंडपाठ म्हणून दाखवते. आणि हे मला कळलं नाही.

घरी आल्यावर तारा खोडला. निळी शाई, पुसली जात नाही. वर कांद्याच्या आकाराचं मॅग्नेट लावलं.

दिवस ३१.

२ जून

संकल्प: नव्यानं सुरुवात. अजून आठ दिवस आहेत. आठ दिवसांत डेपोनं एकदा अख्खं शहर नव्या मार्गांवर वळवलेलं आहे.

दिवस ३३.

४ जून. मैलाचा दगड क्र. ४: थोरलीनं एकटीनं स्वयंपाक करणं

केला. भाजी चिरताना बोटं आत वळवून धरते, तिचे बाबा धरतात तशी. छान झालं होतं. माझ्याहून छान. मी विचारलं नाही की कुठे शिकलीस. हल्ली मी काहीच विचारत नाही, सवयच लागली.

जेवताना ती म्हणाली, आई, पुढच्या आठवड्याबद्दल... मी म्हटलं, अजून वेळ आहे, सावकाश. तिच्यावर दबाव आलेला मला चालणार नाही. ती बरं म्हणाली आणि ताटं उचलली. किती समजूतदार! दुसरी एखादी आई असती तर तोंडात बोटं घालून वदवून घेतलं असतं.

दिवस ३५.

७ जून, शनिवार. सहल क्र. ६: सर्कस

सर्कस गेल्या रविवारीच हलली. मैदानावर भुसा होता.

येताना आइस्क्रीम खाल्लं. तक्त्यात नव्हतं. तिघं कठड्यावर पाय सोडून बसलो. धाकट्याच्या कोपरावरून आइस्क्रीम ओघळत होतं आणि मी त्याला टोकलं नाही.  थोरली म्हणाली, आज मजा आली. मला कळेना, कशात. सर्कस तर नव्हतीच.

दिवस ३८.

९ जून, सोमवार. दुपारी १२.४०

आठवीच्या पुस्तकांची यादी आणायला शाळेत गेले. यादी वाटायच्या तीन दिवस आधीच. हातात कापडी पिशवी, डोक्यात वह्यांच्या कव्हरांचा रंग.

ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी रजिस्टर उघडलं, मिटलं, परत उघडलं. म्हणाल्या, तुमच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला एप्रिलमध्येच दिलेला आहे. मी म्हटलं, तुमच्या नोंदीत चूक आहे. असं होतं, रजिस्टरं हातानं लिहिलेली असली की होतं. त्यांनी अर्ज काढून पुढे ठेवला. खाली पालकांची सही. माझी. २७ एप्रिल.

मी म्हटलं, ही सही माझी नाही. क्लार्कबाई म्हणाल्या, शेवटी रेघ ओढून दोन टिंबं कोण देतं तुमच्याशिवाय, बारा कागदांवर आहेत. खरं आहे. मीच देते.

दुपारी ४.००

थोरलीशी बोलले. तिनं काहीही लपवलेलं नव्हतं. २७ एप्रिलला ती टेबलापाशी आली तेव्हा मी सहलींचा तक्ता आखत होते. ती म्हणाली होती की आई, हा दाखल्याचा अर्ज आहे, मी बाबांकडे जायचं म्हणते आहे, तू वाच आणि मग सही कर. मी हो हो म्हटलं, पट्टी हलू नये म्हणून डाव्या हातानं दाबून धरली आणि उजव्या हातानं सही केली. डोकं वर काढलं नाही. मला यातलं काहीही आठवत नाही. त्या दिवशीच्या रेघा मात्र सरळ आल्या आहेत.

मी विचारलं, मग १० जून कशाला होता. ती म्हणाली, बाबांनीच सांगितलं होतं की सुट्टी संपेपर्यंत थांब, तुझं मन बदललं तर दाखला परत देऊन टाकू. मन बदलायचं होतं का तुझं, असं मी विचारलं. चाळीस दिवसांनी पहिल्यांदाच विचारलं.

ती नखं बघत बसली. मग म्हणाली, मला वाटलं, तू सही केलीस म्हणजे तुला चालतंय. तरी मी वाट बघत होते. वाटलं होतं, तू एकदा तरी म्हणशील की जाऊ नकोस. टेकडीवर वाटलं होतं. बुधवारी जेवताना वाटलं होतं. मग शनिवारी मी बाबांना सांगून टाकलं की येते.

मी तिला सांगितलं की मी मुद्दाम विचारत नव्हते. संयम होता तो. ती म्हणाली, हो, बाबा म्हणाले होते तसं. पण मला कसं कळणार, तो संयम आहे की तुला चालतंय?

त्या क्षणी म्हणता आलं असतं. मी समोरच होते. पण प्रसंग अचानक आला, तयारी नव्हती. मी बरं म्हणाले.

१० जून

संकल्प: आज म्हणायचं. दोनच शब्द आहेत. जाऊ नकोस. वेळ: संध्याकाळी ५.३०, चहाच्या वेळी.

५.३०: ती अंघोळीला.
५.५०: धाकट्याला तिच्या कपाटाचा खालचा कप्पा हवा होता, त्याची वाटाघाटी चालली होती.
६.३०: ती मैत्रिणीकडे निरोप घ्यायला.
८.००: आली. जेवताना म्हणणं बरं दिसत नाही, घास अडकेल.
९.००: झोपली.

उद्या.

११ जून

बॅग भरली. मी यादी केली नाही. तिनं स्वतःच भरली आणि एकही वस्तू विसरली नाही. स्वेटरची घडी मी घालते तशीच घालते, बाह्या आत. हे तरी माझ्याकडून गेलं.

आमच्या विभागात बसच्या वेळेत कुठलाही बदल करायचा तर थांब्यावर पंधरा दिवस आधी सूचना लावावी लागते. नाहीतर लोकांचे हाल होतात. मी आता काही म्हटलं तर तिचे हालच होतील. तिनं तिकडे सांगून टाकलं आहे, तिच्या बाबांनी खोली रंगवून घेतली आहे. शिवाय मनापासून म्हणायचं तर शांतपणे म्हणायला हवं, आणि घरात शांतता कुठे आहे? धाकटा सकाळपासून तिच्या बॅगेवर बसून आहे. उठायला तयार नाही. त्याला म्हटलं, असा हट्ट करू नये, तिला जाऊ दे. तो म्हणाला, तू नको जाऊ देऊस.

बाबा न्यायला येतो म्हणत होते. मी म्हटलं, गरज नाही, थेट बस आहे, वाहक ओळखीचा आहे, मी बसवून देते. एकटीचा पहिला प्रवास. हा तरी माझ्या डोळ्यांसमोर होईल.

स्थानकावर म्हणेन. तिथे सगळे निरोप घेतात, तिथे असं बोलणं शोभून दिसतं.

१२ जून, गुरुवार. रात्री ८.००

सकाळी सातला स्थानकावर. फलाट चार. धाकट्यानं थोरलीचा हात धरलेला, सोडेना. वाहकाला मी पोरीचं नाव, बाबांचा नंबर, उतरायचं ठिकाण, सगळं दोनदा सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुमच्याच डेपोत आहे मी. मग खिडकीपाशी आले. थोरलीनं काच सरकवली आणि खाली वाकून माझ्याकडे पाहिलं. नुसती बघत राहिली.

मी म्हटलं, पाण्याची बाटली वर ठेवू नकोस, गळते.

तिनं बाटली मांडीवर घेतली. गाडी सुटली. धाकटा फलाटाच्या टोकापर्यंत धावत गेला आणि तिथे खाली बसला. त्याला उचलून आणावा लागला. सात वर्षांचा झाला, जड झाला आहे. मला माहीत नव्हतं.

कामावर गेले नाही. तिच्या खोलीत गेले. आवरायला काही नव्हतं, तिनं आवरून ठेवली होती. पलंगावर बसले. मग आडवी झाले. धाकटा येऊन शेजारी पडला. छत बघत होतो. तो म्हणाला, आपण बोलायचं का? मी म्हटलं, कशावर. तो पुन्हा छत बघू लागला.

दुपारी १.२० ला फोन वाजला. थोरली होती. तिचा आवाज ऐकला आणि कसलीही तयारी न करता माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, जाऊ नकोस.

 मग ती हळूच म्हणाली, आई, मी पोचले.

मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, आता बसतोय आम्ही.